पीएचक्यू-९: नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नऊ प्रश्नांचा हा कागद हल्ली ओपीडीत, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात, मोबाइलच्या ॲपवर, सगळीकडे भेटतो. भरून झाला की हातात एक आकडा येतो आणि मग आमच्याकडे प्रश्न येतात. जे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आत्ता या क्षणी जगणं नकोसं वाटत असेल तर बाकीचं राहू द्या. थेट प्रश्न ७ वाचा, किंवा १४४१६ वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

१. पीएचक्यू-९ म्हणजे नेमकं काय? ही डिप्रेशनची टेस्ट आहे का?

पीएचक्यू म्हणजे पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर. नैराश्याची लक्षणं आपल्याला किती जाणवतात, हे आपणच सांगायची ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. रक्त तपासून साखर कळते तशी ही टेस्ट नाही. कागदावर आपण जे लिहू तेवढंच तिला कळतं.

रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत प्राइम-एमडी नावाची पद्धत तयार केली होती. साध्या दवाखान्यात आलेल्या माणसाचा मानसिक आजार डॉक्टरच्या नजरेतून सुटू नये, हा हेतू. पण तिच्यात डॉक्टरचा वेळ फार जायचा. म्हणून रुग्णाने स्वतः भरायची आवृत्ती आली, आणि तिच्यातला नैराश्याचा भाग म्हणजे हे नऊ प्रश्न. त्यांचा मुख्य अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण दवाखाने आणि स्त्रीरोग विभाग मिळून ६००० रुग्णांनी त्यात फॉर्म भरला होता.

२. नऊ प्रश्न कशाकशाबद्दल आहेत?

सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. पहिला: काही करण्यात रस किंवा आनंद न वाटणं. दुसरा: उदास, हताश वाटणं. मग झोप, थकवा आणि भूक. सहावा स्वतःबद्दल वाईट वाटण्याचा: आपण अपयशी आहोत, आपल्यामुळे घरच्यांना खाली पाहावं लागलं, असं. सातवा लक्ष न लागण्याचा. आठवा, चारचौघांच्या लक्षात यावं इतकं बोलणं-चालणं मंदावण्याचा किंवा उलट सतत चुळबुळ होण्याचा. नववा, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांचा.

झोप आणि भूक या दोन्हींत कमी आणि जास्त दोन्ही धरलेलं आहे. झोप उडाली तरी गुण आणि दिवसभर अंथरुणातून उठवत नसेल तरी गुण. "मला तर उलट फार झोप येते, मग शून्य लिहू का?" असं बरेच जण विचारतात. शून्य लिहू नका.

ही नऊ लक्षणं मनाला येतील तशी निवडलेली नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत नैराश्याच्या आजाराचे जे नऊ निकष आहेत, तेच इथे प्रश्न होऊन आले आहेत. याच पुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीचं काम स्पिट्झर यांच्याच नेतृत्वाखाली झालं होतं.

३. गुण कसे मोजायचे? माझे १३ आले, म्हणजे किती?

"अजिबात नाही" ला ०, "काही दिवस" ला १, "निम्म्यापेक्षा जास्त दिवस" ला २, "जवळजवळ रोज" ला ३. नऊंची बेरीज ० ते २७ मध्ये येते. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० पासून पुढे तीव्र. ५ च्या खाली असेल तर लक्षणं नसल्यातच जमा. तुमचे १३ मध्यम गटात येतात.

खाली आणखी एक, बिनगुणांचा प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर किंवा लोकांशी वागणं किती अवघड झालं? बेरजेत नाही म्हणून लोक तो सोडून देतात. माझ्या मते डॉक्टरांनी आधी तोच पाहावा. १३ गुण असून दुकान उघडणारा माणूस आणि १३ गुण असून आठवडाभर आंघोळ न केलेला माणूस यांची गरज एक नसते.

४. "काही दिवस" की "निम्म्यापेक्षा जास्त दिवस", कुठे खूण करू ते ठरत नाही. काय करावं?

दोन आठवडे म्हणजे १४ दिवस. आठ किंवा त्याहून जास्त दिवस त्रास झाला असेल तर "निम्म्यापेक्षा जास्त". मागच्या रविवारचा आठवडी बाजार, पगाराचा दिवस, कुणाचं लग्न, असं काहीतरी धरून मागे मोजत गेलं की सोपं जातं. तरी अडलं तर पहिल्यांदा मनात आलेलं उत्तर लिहा आणि पुढे चला. एका गुणाने फारसं काही बिघडत नाही. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

५. १० च्या वर गुण आले. म्हणजे मला डिप्रेशन आहे, असंच ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत जास्त घोळ घालणारा प्रश्न हाच.

२००१ च्या अभ्यासात, ज्यांना तज्ज्ञांच्या मुलाखतीत नैराश्याचा आजार असल्याचं ठरलं, त्यांच्यातल्या ८८ टक्के लोकांचे गुण १० किंवा जास्त होते. ज्यांना तो नव्हता, त्यांच्यातल्या ८८ टक्क्यांचे १० च्या खाली होते. ऐकायला झकास. आता कागद-पेन घ्या.

समजा, एखाद्या ठिकाणी १००० लोकांनी फॉर्म भरला आणि त्यांच्यातल्या ५० जणांना खरोखर आजार आहे. ५० चे ८८ टक्के म्हणजे ४४ जण १० च्या वर जातील. उरलेल्या ९५० जणांना आजार नाही, पण त्यांच्यातले १२ टक्के, म्हणजे ११४ जण, तेही १० च्या वर जातील. एकूण १५८ जण "पॉझिटिव्ह", त्यात खरा आजार ४४ जणांना. चारातल्या एकापेक्षा थोडं जास्त. प्रश्नावलीत खोट नाही. आजार कमी लोकांना असतो तिथे कुठल्याही चाळणीचं असंच होतं. उलट मानसोपचार विभागात, जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना आजार असतो, तिथे त्याच १० गुणांचं वजन कितीतरी वाढतं.

दुसरी गोष्ट, सारखेच गुण वेगवेगळ्या वाटांनी येतात. झोप, थकवा, भूक आणि लक्ष या चारांना ३-३ दिले की १२ होतात. रात्रपाळी आणि तान्हं बाळ एकदम असलेल्या कुणाचंही असं होईल. रस नाही, उदास वाटतं, आपण नालायक आहोत आणि मेलेलं बरं, या चारांचेही १२ च होतात. निदानाच्या नियमात म्हणूनच एक अट आहे: किमान पाच लक्षणं निम्म्यापेक्षा जास्त दिवस हवीत आणि त्यांत पहिल्या दोनांपैकी एक हवंच. नववं लक्षण मात्र "काही दिवस" असलं तरी मोजतात. आणि एवढं जुळल्यावरही शेवटचा शब्द डॉक्टरच्या मुलाखतीचा (प्रश्न ९, १० आणि १५ पाहा).

मग १० आले तर करायचं काय? फॉर्म घेऊन डॉक्टरकडे जायचं. सुरुवातीला फॅमिली डॉक्टरही चालतात.

६. माझे गुण ७ च आहेत, पण काहीतरी बिनसलंय हे मला कळतंय. तरी जावं का?

जावं. प्रश्नावलीत चिडचिड नाही, रडू येणं नाही, छातीत धडधड नाही, दारू वाढलेली नाही. आपल्याकडे अनेकांचं मन आधी अंगातून बोलतं: डोकं जड, पाठ भरून येते, हातापायांत त्राण नाही. त्यातला थकवा सोडला तर बाकीच्याला इथे जागा नाही. भिडेपोटी सगळीकडे "काही दिवस" लिहिणारेही खूप असतात. फॉर्म एक म्हणत असेल आणि तुमचं मन दुसरं, तर मनाचं ऐका.

७. नवव्या प्रश्नाला "काही दिवस" अशी खूण केली. आता काय?

बेरीज ४ असो की २४, या एका उत्तराकडे वेगळं पाहायचं असतं. ० सोडून काहीही असेल तर कुणीतरी तुमच्याशी समोरासमोर, नीट बोललं पाहिजे. त्याच दिवशी.

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. "देवाने आता उचलावं" असं वाटणं आणि स्वतःला संपवायचा बेत करणं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पहिलं वाक्य सहज असतं. दोन्हींना खूण एकच पडते, म्हणून पुढचे प्रश्न विचारावेच लागतात: असा विचार कधी येतो? काय करायचं ठरवलं आहे का? कसं? पूर्वी कधी प्रयत्न झाला आहे का? साधन हाताशी आहे का?

तुम्ही स्वतः या अवस्थेत असाल तर एकटे राहू नका. घरातल्या किंवा शेजारच्या, विश्वासातल्या एका माणसाला सांगा. १४४१६ वर फोन करा. जीव धोक्यात असेल तर ११२, किंवा सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये. शेताच्या औषधाचे डबे आणि गोळ्यांच्या पट्ट्या घरातून हलवून दुसऱ्याकडे ठेवाव्यात. ही टोकाची घडी बऱ्याचदा थोडा वेळच टिकते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं जीव वाचवतं.

"सांगितलं तर पोलीस केस होईल" ही भीती अजून खेड्यापाड्यांत आहे. असा विचार मनात येणं हा गुन्हा नाही. प्रयत्न झाला असला तरी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतो.

८. असा प्रश्न विचारल्याने उलट डोक्यात नको तो विचार येणार नाही का? तो गाळला तर?

विचारल्याने विचार रुजत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं.

तो प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ आहे. टपालाने किंवा मोबाइलवरून सर्वेक्षण होतं, उत्तर देणाऱ्याला लगेच मदत करायला कुणी नसतं, अशा ठिकाणी ती वापरतात. तिच्यातही १० ची रेघ चालते. दवाखान्यात मात्र नववा गाळणं म्हणजे कामाचा प्रश्नच टाळणं. आणि कॉलेजांना, संस्थांना एक विनंती: पाचशे मुलांकडून पीएचक्यू-९ भरून घ्यायची आणि कागद महिनाभर कपाटात ठेवायचे, असं करू नका. त्याच दिवशी वाचायला माणूस नसेल तर नववा प्रश्न विचारूच नका.

९. मला थायरॉइड आहे, मधुमेह आहे. थकवा आणि झोप त्याचीच असेल, मग गुण खरे कसे?

शंका बरोबर आहे. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, यांनी थकवा येतो, लक्ष लागत नाही, मनही खाली जातं. त्यामुळे गुण जास्त आल्यावर डॉक्टर रक्ताच्या तपासण्या सांगतात तेव्हा ते प्रश्न टाळत नसतात. दारू आणि काही औषधं यांचंही तसंच, म्हणून घेत असलेली सगळी औषधं दाखवा.

फॉर्म भरताना मात्र कारण शोधत बसू नका. थकवा आहे ना, मग लिहा. कुठला थायरॉइडचा आणि कुठला मनाचा, ही वाटणी डॉक्टरने करायची. मधुमेहाबरोबर नैराश्य असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, तेव्हा "हे सगळं साखरेचंच" म्हणून सोडूनही देऊ नये.

१०. घरात नुकतंच कुणी गेलंय. अशा वेळी फॉर्म भरण्यात अर्थ आहे का?

बाराव्या-तेराव्यापर्यंत तर नाहीच. झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन नाही, हे सगळं दुःखातही होतं आणि गुण सहज १५ वर जातात. दुःख लाटांसारखं येतं-जातं. आठवणीने रडता रडता माणूस एखाद्या किश्शावर हसतोही. सतत, सगळ्याच बाबतीत सुन्न वाटणं, "मीच कवडीमोलाचा" असं वाटणं, गेलेल्याच्या मागोमाग आपणही जावंसं वाटणं, हे दिसलं तर मात्र किती दिवस झाले हे न मोजता मदत घ्या.

११. सासूबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवून भरून घेतलं तर चालेल?

वाचून दाखवलेलं चालतं. फोनवर विचारलेलंही चालतं. पण तुम्ही विचारू नका. सूनबाईंसमोर "मला जगावंसं वाटत नाही" कोण म्हणेल? मुलगा समोर असला तर आणखीच गप्प. नर्स, आशाताई, समुपदेशक, कुणी तरी बाहेरचं विचारू दे, आणि त्या वेळी घरचे बाहेर थांबू देत.

विचारणाऱ्याने वाक्य आहे तसं वाचावं. "तुम्हाला झोप तर लागते ना?" असं विचारलं की "हो" च येतं. चार पर्याय तोंडी लक्षात राहत नाहीत, तेव्हा आधी "असं होतं का?" आणि मग "किती दिवस?" अशा दोन पायऱ्या केल्या की बरं. आपल्याला वाटतं ते उत्तर त्यांच्या नावावर लिहू नये.

१२. आशाताईंनी दोनच प्रश्न विचारले. बाकीचे सात कुठे गेले?

ती पीएचक्यू-२, म्हणजे या नऊंतले पहिले दोन. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा बीपी-मधुमेह वगैरेंसाठी जो घरोघरचा तपासणी फॉर्म भरतात, त्याच्या शेवटी ते असतात. गुण ० ते ६. मूळ अभ्यासांत ३ किंवा जास्त आले तर पुढे तपासावं असं आहे. आशाताईंच्या फॉर्मवर ३ पेक्षा जास्त आले तर आरोग्य केंद्रात पाठवायला सांगितलं आहे. नेमके ३ असतील आणि त्रास असेल तर स्वतःहून उपकेंद्रात जाऊन पूर्ण नऊ विचारायला सांगा.

१३. मराठी फॉर्म मिळतो का? पैसे पडतात का?

मिळतो, फुकट. छापायला, वाटायला, वापरायला परवानगीही लागत नाही. ॲपवर कुणी "अहवालासाठी" पैसे मागत असेल तर ते पैसे बेरजेचे आहेत. बेरीज तुम्हालाही येते.

१४. गरोदर बाई, म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, सगळ्यांना हाच फॉर्म का?

वापरतात, पण जास्त नेमके पर्याय आहेत. बाळंतपणाच्या आगेमागे झोप, भूक, थकवा असा बिघडतोच. म्हणून १९८७ मध्ये आलेली एडिंबरा प्रश्नावली तिथे बरी: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, शरीरापेक्षा मनावर भर. ज्येष्ठांसाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी पीएचक्यूचीच बदललेली आवृत्ती आहे, तिच्यात चिडचिडही येते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला मागचे दोन आठवडे आठवत नसतील तर स्वतः भरायची कुठलीच प्रश्नावली कामाची नाही.

१५. गुण २१ आहेत. पण मध्ये एक महिना मी तीन तास झोपूनही जोरात होतो, खूप खर्च केला. हे सांगायला हवं का?

हो, सगळ्यात आधी हेच. पीएचक्यू-९ फक्त खाली गेलेलं मन मोजते, वर गेलेलं तिला दिसत नाही. असा काळ येऊन गेला असेल तर आजार द्विध्रुवीय (बायपोलर) असू शकतो. त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या तर मन भलतंच वर जाण्याचा धोका असतो. अशा वेळी फॅमिली डॉक्टरवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडेच जा. तुम्हाला तो काळ "छान" वाटला असेल, म्हणून घरच्या कुणाला तरी बरोबर न्या.

१६. गुण जास्त आले म्हणजे गोळ्याच घ्याव्या लागतील का?

नाही. कशाची गरज आहे ते तीव्रतेवर, पूर्वेतिहासावर आणि तुमच्या पसंतीवरही ठरतं. गुण तीव्र गटात असतील तर गोळ्यांना उगाच घाबरू नका. तरी बोलण्याने काय होतं त्याचं जवळचं उदाहरण गोव्यात आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ मध्ये १५ किंवा जास्त गुण असलेले ४९५ लोक घेतले. निम्म्यांना नेहमीचा उपचार मिळाला. डॉक्टरला त्यांचे गुण आणि उपचाराच्या सूचना दिलेल्या होत्या. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं, आणि ते देणारे मानसोपचाराची पदवी नसलेले, शिकवून तयार केलेले स्थानिक लोक होते. सोडून दिलेली कामं हळूहळू पुन्हा हातात घ्यायची, हा त्याचा गाभा. तीन महिन्यांनी १० च्या खाली आलेले: समुपदेशनाच्या गटात ६४ टक्के, दुसऱ्यात ३९ टक्के. २०१७ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

१७. उपचार सुरू आहे. फॉर्म परत कधी भरायचा? काल १६ होते, आज १४ आहेत!

रोज भरू नका. प्रश्नच दोन आठवड्यांचे आहेत, तेव्हा त्याआधी भरलं की तेच दिवस दोनदा मोजले जातात. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी पुरे. दोन गुणांची हालचाल धरू नका. ५ गुणांनी कमी झाले तर खरा फरक, निम्मे झाले तर उपचार लागू पडतोय, ५ च्या खाली आले तर लक्षणं ओसरली. पण ओसरली म्हणून मनानेच गोळ्या बंद करू नका. परत येण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

१८. एक-दोन प्रश्न भरायचे राहिले. फॉर्म बाद का?

नाही. एक किंवा दोन राहिले तर भरलेल्यांची सरासरी त्या जागी धरतात. दोनपेक्षा जास्त राहिले तर बेरीज करू नये. राहिलेला नववा असेल तर सरासरी विसरा, त्या माणसाला विचारा.

१९. कंपनीने एचआरमार्फत हा फॉर्म नावासकट भरायला दिलाय. खरं लिहू का?

आधी विचारा: हा कोण वाचणार, कुठे ठेवणार, पुढे काय करणार? उत्तर समाधानकारक नसेल तर भरणं नाकारा. कामाला कोण लायक हे ठरवायला ही प्रश्नावली केलेली नाही. डॉक्टर आणि रुग्णालयांना मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने आहे. एचआरच्या एक्सेल फाइलचं तसं समजू नका. तुमचा खरा फॉर्म डॉक्टरकडे भरा. आणि कुणी खोटं लिहायचं ठरवलंच तर ते या प्रश्नावलीला ओळखता येत नाही, कमी असो की जास्त.

२०. "अमुक टक्के लोक नैराश्यात" अशा बातम्या पीएचक्यू-९ वरून येतात. त्या खऱ्या मानाव्यात का?

आधी पाहा, आकडा प्रश्नावलीचा आहे की मुलाखतीचा. प्रश्न ५ मधलं गणित इथेही लागू आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये हे तपासलं गेलं, तेव्हा १० च्या रेघेने २४.६ टक्के लोक नैराश्यात निघाले आणि त्याच लोकांच्या सविस्तर मुलाखतींत १२.१ टक्के. दुप्पट. आपल्याकडचं २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण मुलाखतींवर उभं आहे. त्यात त्या काळात नैराश्याचा आजार असलेले प्रौढ २.७ टक्के आढळले. मात्र ते १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते.